खिडकीला रकाना नाही

२०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूच्या बातम्या टीव्हीवर सुरू झाल्या आणि आठवडा सरायच्या आत शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचनांचे पत्र येऊन पडले. खोकताना तोंडावर रुमाल धरा, साबणाने हात धुवा, हस्तांदोलन टाळा, ताप-सर्दी असेल तर गर्दीत जाऊ नका, भरपूर पाणी प्या. पत्र पुढे ढकलणाऱ्याने खाली एक ओळ जोडली होती: अंमलबजावणी करून फोटोसह अहवाल आजच सादर करावा. कोणी एक प्रश्न विचारला नाही. थोड्याच वेळात ‘ओके सर’, ‘ओके सर’ची रांग लागली. शिक्षकांच्या ग्रुपवरचा हा ‘ओके सर’ ज्याला वाचता येतो त्याला पुढचा लेख वाचायची गरज नाही. बाकीच्यांसाठी लिहितो आहे.

मी जळगाव जिल्ह्यात तापीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. एचएमपीव्हीबद्दल माझी काही तक्रार नाही. हा विषाणू २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला, आणि त्याच्या आधीही तो मुलांना होतच असणार. त्या पत्राने काही बिघडले नाही, काही साधलेही नाही. मला खुपते ते असे की २०२० ते २०२२ या कोरोनाच्या काळात शाळांनी जे सोसले त्यातून शाळांसाठीच्या सरकारी सल्ल्यात एक ओळ नवी आलेली दिसत नाही. विषाणू बदलतो, पत्राचा जावक क्रमांक बदलतो, मजकूर तोच राहतो.

शिक्षक या विषयावर चिडतात हे गावाला माहीत आहे. का चिडतात, याबद्दल पारावरचे उत्तर तयार असते: पगार चालू होता, शाळा बंद होती, यांना तेच हवे होते. अधिकाऱ्यांचे उत्तर थोडे सभ्य भाषेत, पण त्याच दिशेचे असते. दोघांनाही वाटते की सूचना पाळायला जड जात होत्या म्हणून आम्ही कुरकुरतो. माझे म्हणणे वेगळे आहे. त्या सूचना मुलांना आजारापासून वाचवायला लिहिल्याच नव्हत्या. उद्या काही झालेच तर जबाब कोणाचा घ्यायचा, हे आधी ठरवून ठेवायला त्या लिहिल्या होत्या. सुरक्षिततेचा कागद आणि जबाबदारी ढकलण्याचा कागद दिसायला सारखेच असतात. पाळायला बसले की फरक कळतो.

सहा फुटांच्या अंतराचेच बघा. आमच्याकडच्या जुन्या वर्गखोल्या साधारण २० बाय २५ फुटांच्या. फळ्यापुढे शिकवायला ६ फूट सोडले आणि उरलेल्या जागेत मुले अगदी भिंतीला टेकवून सहा-सहा फुटांवर बसवली, तर चार ओळी होतात आणि ओळीत चार मुले. झाली १६. आमच्या पाचवीचा पट तेव्हा चाळिशीच्या पुढे होता. म्हणजे एका वर्गाच्या तीन तुकड्या, आणि ज्या शिक्षकाकडे दोन वर्ग त्याच्या सहा. यावर ‘मुलांना दिवसाआड बोलवा’ असे उत्तर आले. मग घरी राहिलेल्या मुलांना त्या दिवशी ऑनलाइन शिकवा, असे त्याच्या पुढच्या पत्रात आले. एकच माणूस एकाच वेळी वर्गात आणि मोबाइलवर कसा असेल, याचे पत्र अजून यायचे आहे. हे गणित चौथीच्या मुलाला घातले तरी तो सोडवेल. आदेश काढण्यापूर्वी कोणी घातले नाही एवढेच.

बरे, अंतराने तरी काम भागत होते का? सुरुवातीला सगळ्यांचीच समजूत अशी होती की खोकल्या-शिंकेतून उडणारे थेंब चार-सहा फुटांत खाली पडतात. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाचा विषाणू हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले होते. त्याच वर्षी जुलैत दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून ही समजूत चुकीची असल्याचे बजावले. एप्रिल २०२१ च्या अखेरीस संघटनेने हवेचा मार्ग स्पष्टपणे मान्य केला. मे २०२१ मध्ये भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सोप्या भाषेत मार्गदर्शिका काढली. तिच्यात लिहिले होते की मोठे थेंब दोन मीटरपर्यंत पडतात, पण सूक्ष्म कण हवेबरोबर दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणून खिडक्या-दारे उघडा, हवा आरपार जाऊ द्या, पंखा असा लावा की एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर जाणार नाही. चूल पेटलेल्या बंद घरात धूर सहा फुटांवर थांबत नाही, कोपऱ्यातल्या म्हातारीच्या डोळ्यांतही जातो. आजारी माणसाचा श्वास असाच खोलीभर होतो. एवढे सांगितले असते तर सातपुड्यातल्या कोणत्याही पाड्यावरच्या आईला ते लगेच समजले असते.

ही मार्गदर्शिका आमच्या शाळेपर्यंत सरकारी वाटेने आली नाही. मला ती एका डॉक्टर मित्राने पाठवली. सरकारी वाटेने आला तो फॉर्म. थर्मल गन आहे का, संख्या. ऑक्सिमीटर, संख्या. सॅनिटायझर, लिटर. साबण, नग. हात धुण्याची जागा, फोटो. सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी केल्याची तारीख, फोटो. वर्गाला खिडक्या किती, त्यातल्या उघडतात किती, समोरासमोर आहेत का, हा रकाना मला कुठल्याही फॉर्मात दिसला नाही. ‘खिडक्या उघड्या ठेवाव्यात’ हे वाक्य पत्रांत कुठेतरी असायचे, नाही असे नाही. पण सरकारी कामात ज्याची मोजणी होत नाही ते नसल्यातच जमा. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचे अधिकारी, भेटीला आले की सॅनिटायझरची बाटली हातात घेऊन बघत. खिडकीकडे कोणी बघितले नाही.

आणि खिडकीची कथा बघण्यासारखी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या लोखंडी झडपा पावसाळ्यात गंजतात आणि एकदा चिकटल्या की चिकटल्या. ज्या उघडतात त्यांना कडी नसते म्हणून सुतळीने बांधलेल्या असतात, कारण रात्री आत पत्ते कुटायला मंडळी येतात आणि सकाळी वर्गात बाटल्या सापडतात. पंखा चोरीला गेला की त्याचा पंचनामा मुख्याध्यापकाने करायचा, म्हणून मुख्याध्यापक खिडकी कायमची बंद करतात. एप्रिलात पारा ४४-४५ वर गेला की उघड्या खिडकीतून झळ येते, आणि पत्र्याच्या खोलीत तर बसवत नाही. डिसेंबर-जानेवारीत तोरणमाळच्या बाजूला थंडी अशी की मुले स्वतःच उठून झडपा लावतात. खिडकी उघडी ठेवणे हे साधे वाटणारे काम प्रत्यक्षात गवंडी, वेल्डर, जाळी, कडी, रात्रीचा राखणदार आणि शाळेची वेळ बदलण्याचा अधिकार, एवढ्या गोष्टी मागते. यातले शिक्षकाच्या हातात काय आहे? सुतळी.

पैसा म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शंभरच्या आतल्या पटाच्या शाळेला जे संयुक्त अनुदान मिळते ते वर्षाला फार तर २५ हजार रुपये, त्याहून लहान शाळेला आणखी कमी. त्यातून वीजबिल, खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती, आणि किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. ते वेळेवर आले तर. थर्मल गन कोणत्या पैशातून घ्यायची, असे विचारले तेव्हा ‘लोकसहभागातून’ असे उत्तर मिळाले. लोकसहभाग म्हणजे काय ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. कापसाला भाव नाही, केळीवर रोग आहे, आणि मास्तर वर्गणीचे पुस्तक घेऊन दारात. शेवटी बहुतेक ठिकाणी शिक्षकांनीच आपसांत पैसे काढले. त्याबद्दल फार बोलत नाही. पगारदार आहोत, काढले. पण ज्या यंत्रावर काढले त्याचा उपयोग किती? मुलांना संसर्ग होऊनही पुष्कळदा ताप येत नाही, हे तेव्हाही ठाऊक होते. मार्चच्या उन्हातून चालत आलेल्या पोराचे कपाळ गरमच लागणार, आणि हिवाळ्याच्या सकाळी तेच यंत्र सगळ्या वर्गाला, आजाऱ्यालाही, थंड दाखवायचे. फवारणीचेही तसेच. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगून टाकले की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग व्हायची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी आहे. आमच्याकडे त्यानंतरही कितीतरी दिवस बाकांवर हायपोक्लोराइट उडत राहिले आणि फोटो जात राहिले. फवारणी फोटोत छान दिसते, हा तिचा मोठा गुण.

हात धुण्याला मी नावे ठेवत नाही. जुलाब, कावीळ, जंत यांच्यासाठी शाळेत साबण हवाच आणि तो कोरोनाच्या निमित्ताने आला हे चांगलेच झाले. पण प्रत्येक विषाणूला एकच उतारा चालत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात शेजारच्या गुजरातमध्ये चंडीपुरा विषाणूने लहान मुले दगावली. नागपूरजवळच्या गावावरून १९६५ मध्ये ज्याला नाव मिळाले तो हा विषाणू वालुमाशी चावल्याने पसरतो. ती कुडाच्या आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. तिथे हात धुऊन काय होणार? भिंतीच्या भेगा लिंपा, फवारणी खरोखर इथे करा, मुलांना अंगभर कपडे घाला, असा सल्ला हवा. डेंग्यूत शाळेची उघडी टाकी महत्त्वाची. गोवर हवेतून पसरतो आणि लसीने थांबतो. विषाणू कोणत्या वाटेने येतो हे पहिल्या ओळीत सांगितले तर पुढच्या ओळी शिक्षक स्वतः लिहू शकेल. आम्ही शिकवण्याचेच काम करतो. कारण समजले तर कृती जमते. आमच्याकडे कारण सोडून कृतींची यादी येते, म्हणून जिथे यादी लागू पडत नाही तिथे आम्ही नुसतेच उभे राहतो.

यादी कुठे लागू पडत नाही याचे सगळ्यात मोठे उदाहरण म्हणजे आश्रमशाळा. नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल या आदिवासी विकास प्रकल्पांच्या कितीतरी शाळांत दिवसा जो वर्ग असतो तोच रात्री झोपण्याची खोली होतो. बाक कडेला सरतात, सतरंज्या पडतात, मुले अंगाला अंग लावून झोपतात. तिथे सहा फुटांची सूचना वाचून दाखवणाऱ्या अधीक्षकाच्या तोंडाकडे मुले बघत राहिली असतील तर दोष मुलांचा नाही. शिवाय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची, गावची शाळा शिक्षण विभागाची, नियम कोणाचा आधी येईल ते दैवावर. एका मुलाला लक्षणे दिसली तर त्याला ठेवायला वेगळी खोली कुठून आणायची? घरी पाठवायचे तर घर धडगावच्या डोंगरात, एसटी दिवसातून एकदा, नर्मदाकाठच्या मणिबेलीकडचे मूल असेल तर पुढे बोट. आजारी मुलाला ज्या वस्तीवर पाठवायचे तिथून आरोग्य केंद्र आणखी लांब. सल्ल्यात लिहिलेले ‘विलगीकरण कक्ष’ हे दोन शब्द कोणत्या इमारतीत राहतात ते मला शोधायचे आहे.

‘आजारी मुलाला घरी ठेवा’ ही त्या सगळ्या यादीतली सगळ्यात शहाणी सूचना. तीच पाळली जात नाही, आणि का पाळली जात नाही हे कापूस वेचणीच्या दिवसांत खानदेशात राहून बघावे. आई पहाटे रिक्षात दाटीने बसून दुसऱ्याच्या शेतात जाते, बाप केळीच्या गाडीवर. घरी कोण आहे? आजारी पोराला ती शाळेत सोडते कारण तिथे निदान कोणी मोठे माणूस आहे आणि दुपारी गरम खिचडी आहे. मजुरी बुडवून ती घरी थांबली तर त्या दिवसाचे पैसे कोण देणार? इकडे शाळेत शंभर टक्के उपस्थितीचा तक्ता दारावर, आणि दुर्बल घटकांतल्या मुलींना हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता १९९२ पासून. एक कागद म्हणतो येऊ देऊ नका, दुसरा म्हणतो एकही गैरहजर नको. दोन्हींवर सही त्याच कार्यालयाची. मी आईला काय सांगू? तिला माझ्या सल्ल्याचा राग येत नाही, कीव येते.

आता निर्णयांचे. २०२० च्या नोव्हेंबरात नववी ते बारावीचे वर्ग २३ तारखेपासून उघडायचे म्हणून शिक्षकांना आरटीपीसीआर सक्तीची झाली. ग्रामीण रुग्णालयांपुढे आम्ही रांगा लावल्या, आणि ऐन वेळी अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाने घ्यावा असे ठरले. ऑगस्ट २०२१ मध्ये १० तारखेला शासन निर्णय निघाला की १७ पासून वर्ग सुरू, आणि दोन-तीन दिवसांत राज्याच्या कोविड टास्क फोर्सच्या आक्षेपावरून त्याला स्थगिती. पहिलीची मुले डिसेंबर २०२१ मध्ये शाळेत आली, जानेवारीत पुन्हा घरी गेली, महिना संपायच्या आत पुन्हा बोलावली. साथीत निर्णय बदलतात, ते समजू शकतो. पण प्रत्येक बदलात एक गोष्ट कायम राहिली: निर्णयाचे वजन खाली खाली सरकत गेले. मंत्रालयाने जिल्ह्यावर सोडले, जिल्ह्याने गावाच्या समितीवर, समितीने मुख्याध्यापकावर, मुख्याध्यापकाने पालकाच्या संमतीपत्रावर. शेवटी अंगठा कोणाचा? जिला त्यातले अक्षर वाचता येत नव्हते त्या आजीचा. स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण निर्णय घ्यायला लागते ती माहिती, तपासणीची सोय आणि पैसा वर ठेवायचे आणि फक्त जोखीम खाली पाठवायची, याला विकेंद्रीकरण म्हणत नाहीत.

याच खानदेशात वेगळे घडलेले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तेव्हाच्या आदेशांत किती परिघातल्या कोंबड्या मारायच्या, त्या कोणी मारायच्या, मारणाऱ्याने अंगात काय घालायचे, पुरायच्या कशा आणि पोल्ट्रीवाल्याला भरपाई काय, हे सगळे ठरत गेले. भरपाईवरून तक्रारी झाल्याच, गोंधळही झाला. पण कोंबड्यांच्या बाबतीत ‘योग्य ती खबरदारी घ्यावी’ एवढ्यावर कोणी थांबले नाही. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये देशभर ऑक्सिजनसाठी पळापळ चालली होती तेव्हा नंदुरबार जिल्ह्याचे नाव सगळीकडे झाले, कारण तिथे ऑक्सिजन प्रकल्प आधीच उभे केले होते. म्हणजे आपल्याला जमत नाही असे नाही. प्रशासन जेव्हा एखादी गोष्ट खरोखर करायची ठरवते तेव्हा त्याचे कागद वेगळे दिसतात. त्यात आकडे असतात, नावे असतात, पैसा कुठून येणार ते असते. शाळांना आलेल्या कागदांत यातले काही नव्हते, यावरून आम्ही काय समजायचे?

शिक्षकाच्या स्वतःच्या जिवाचा हिशेबही इथेच लिहून टाकतो, कारण तो कोणी दुसरा लिहीत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाला अशैक्षणिक कामे देता येत नाहीत; जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून. कोरोना आपत्तीच होती, त्यामुळे चेकपोस्ट, रेशन दुकान, घरोघरचे सर्वेक्षण, सगळे आम्ही केले आणि ते करायलाच हवे होते. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या १२ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचे मतदान झाले, ते आमच्याच वर्गखोल्यांत, आमच्याच हातांनी शाई लावून. ज्या खोलीत मुलांना बसवणे धोक्याचे होते तिथे दिवसभर गाव येऊन गेले. शिक्षकांना प्राधान्याने लस द्यावी आणि त्यासाठी राज्यांना जादा दोन कोटी डोस द्यावेत, हे केंद्राला त्या ऑगस्टच्या अखेरीस सुचले, शिक्षकदिनाचे निमित्त साधून. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती. आमच्या तालुक्यातल्या शिक्षक पतसंस्थेच्या त्या वर्षीच्या अहवालात श्रद्धांजलीचे पान पुरले नाही. ड्यूटीवर मृत्यू आल्यास ५० लाखांचे सानुग्रह साहाय्य जाहीर झाले होते, आणि मृत्यू ड्यूटीमुळेच आला हे सिद्ध करायचे काम विधवेच्या वाट्याला.

इतके सगळे म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, आणि ती फक्त अधिकाऱ्यांची नाही. गटशिक्षणाधिकाऱ्याच्या हातात तरी काय होते? त्यालाही वरून रात्री दहाला पत्र यायचे आणि सकाळी अकराला अहवाल हवा असायचा. शास्त्रज्ञांचेच एकमत नव्हते तेव्हा तालुक्याच्या साहेबाने विज्ञान ठरवावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. आणि आमच्यातही असे होते ज्यांना सूचनांचा वैताग नव्हता, आधार होता. परिपत्रकातली एक अट पूर्ण होत नाही एवढ्या भांडवलावर काहींनी शाळा शक्य तितकी लांबवली. गावाने ते पाहिले आहे. आमच्या गावातले एक पालक, ज्यांना सगळे जिभाऊ म्हणतात, मला भर चौकात म्हणाले होते, “गुरुजी, बाजार भरस, लगन व्हतस, मंग पोरे घरमा बठीसन काय करतीन? शाया कव्हय उघडी?” बाजार भरतो, लग्ने होतात, मग पोरांनी घरी बसून काय करायचे, शाळा कधी उघडणार? याला उत्तर नव्हते. वीस महिने पहिली-दुसरीची मुले घरी राहिली त्याची किंमत ज्यांच्या घरात मोबाइल नव्हता, ज्यांच्या पाड्यावर रेंज नव्हती त्यांनी मोजली. सातवी-आठवीतल्या काही मुली परत आल्याच नाहीत, त्यांची लग्ने लागून गेली होती. काही मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली ती हजेरीपटावरच राहिली. म्हणून सांगतो, शिक्षकाच्या वैतागाचा अर्थ ‘शाळा बंद ठेवा’ असा काढणे चूक आहे. शाळा उघडी राहावी असे वाटते त्यालाच सल्ला कामाचा हवा असतो.

कामाचा सल्ला कसा असतो तेही आम्ही पाहिले आहे, आणि तो कोणाच्या परिपत्रकातून आला नाही. शाळा बंद असताना सातपुड्याच्या पायथ्याशी आणि वरच्या पाड्यांवर कितीतरी शिक्षक ओट्यांवर, निंबाखाली, मंदिराच्या सभामंडपात दहा-बारा मुले घेऊन बसले. फळा झाडाला टांगला. वारा वाहता, अंतर आपोआप, आणि उन्हाची वेळ टाळून सकाळी. आज विज्ञानाच्या नजरेने बघितले तर त्या काळात खानदेशात याहून सुरक्षित वर्ग दुसरा नव्हता. पण त्याला मान्यता कशी होती? ‘शिक्षण सुरू’च्या फोटोपुरती. त्या वर्गांची हजेरी धरली गेली नाही, तिथे खिचडी शिजवता आली नाही, कोरडा तांदूळ घरी वाटावा लागला, आणि कोणी आजारी पडलेच असते तर ‘शाळा बंद असताना मुले जमवली कशी’ म्हणून त्याच शिक्षकाला नोटीस आली असती. जे केल्याने मुले शिकत होती आणि वाचतही होती, ते शिक्षकाने स्वतःच्या जोखमीवर करायचे. आणि ज्याचा फारसा उपयोग नव्हता ते आदेशाने.

पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही, पण येईल. तेव्हा मला शाळेसाठी जे पत्र हवे आहे ते दोन पानांचे असावे. त्यात पहिल्यांदा आजार कोणत्या वाटेने पसरतो ते सांगावे, आणि ते समजलेले नसेल तर समजलेले नाही असेच लिहावे. त्याने कोणाची अब्रू जात नाही. वर्ग केव्हा बंद करायचा, पूर्ण शाळा केव्हा, आणि पुन्हा केव्हा उघडायची याचे आकडे साथ यायच्या आधी ठरलेले असावेत, म्हणजे टीव्हीवर बातमी लागली म्हणून शाळा बंद आणि आमदारांचा फोन आला म्हणून सुरू, असे होणार नाही. उघड्यावर भरवलेला वर्ग हा शाळेचाच वर्ग धरला जावा, हजेरीसह आणि खिचडीसह. शिक्षकाला शंका आली तर फोन उचलणारा तालुक्यात एक माणूस हवा, आणि तो आरोग्य खात्याचा हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळेत येतात, वजन-उंची घेतात, डोळे-दात बघतात. त्यात डॉक्टर असतात. त्याच पथकाने वर्गाची हवाही बघावी. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. बाहेर तो साधारण ४२० पीपीएम असतो, वर्गात ८०० च्या वर जायला लागला की हवा कोंडते आहे असे समजावे. प्रत्येक शाळेला यंत्र नको, केंद्रप्रमुखाच्या शाळांना मिळून एक पुरे. शाळा-शाळांत फिरवा, कोणत्या खोलीत मुले बसवायची आणि कोणत्या खोलीची भिंत फोडून जाळी बसवायची ते महिन्याभरात कळेल. तीच जाळी एप्रिलात कोंदटपणा कमी करील, क्षयरोगाच्या वेळी उपयोगी पडेल आणि साध्या सर्दीतही. खिडकीवर केलेला खर्च कुठल्याही विषाणूच्या नावाने वाया जात नाही.

यातले काही करायला मंत्रालयाची वाट बघायची गरज नाही, हे मी आमच्या संघटनांनाही सांगतो आहे. जुनी पेन्शन आणि बदल्यांच्या निवेदनांत खिडक्यांना एक ओळ मिळायला हरकत नाही. वित्त आयोगाच्या निधीतला जो भाग ग्रामपंचायतीला बंधनाविना मिळतो त्यातून शाळेच्या झडपा बदलता येतात. त्यासाठी ग्रामसभेत ठराव लागतो आणि ठराव मांडायला शाळा व्यवस्थापन समिती आहेच. सरपंचाला पेव्हर ब्लॉक आणि कमान जास्त दिसतात, त्याच्याशी भांडावे लागेल. वरच्यांशी मात्र एवढेच म्हणणे आहे: प्रत्येक पत्राखाली ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून आठ-दहा पदनामे छापता, त्याच्या वर ‘सदर खर्च या लेखाशीर्षाखाली भागवावा’ ही एक ओळ छापा, आणि पत्र काढण्यापूर्वी अक्कलकुव्याच्या एका आश्रमशाळेच्या अधीक्षकाला ते वाचून दाखवा. तो जिथे हसेल तो परिच्छेद काढून टाका.